भिंगोबाच्या नजरेआडचा कीपॅड

३ जून, सोमवार. दुकान उघडल्यावर.
आमचा कारागीर भिंगोबा आज परत माझ्या फोनकडे टक लावून बघत होता. मी काउंटरमागे मेसेज टाइप करतोय आणि हा भिंग घासायचं मशीन बंद करून बघतोय. रंगेहाथ पकडलं तर म्हणतो, काही नाही, चालू द्या. ‘काही नाही’ म्हणणाऱ्याच्या मनात काहीतरी असतंच.

कारण उघड आहे. मालक चष्म्याचं दुसरं दुकान काढतायत. तिथला मॅनेजर कोण, हे महिनाअखेरीस ठरणार. उमेदवार दोन, मी आणि भिंगोबा. खरं तर एकच, पण भिंगोबाला ते अजून कळलेलं नाही.

मालकांना गुप्त मेसेज केला. ‘भिंगोबा माझ्यावर पाळत ठेवतो. त्याचा डाव काय आहे ते बघा.’

दुपारी. मालकांचं उत्तर आलं. चांगलं लांबलचक. दुकानात उजेड कमी, म्हणून वाचलं नाही. पण लांबीवरूनच कळतं, प्रकरण गंभीरपणे घेतलंय. फुरसतीत वाचेन.

४ जून.
शोध लागला! टाइप करताना दाबलेलं अक्षर टपोरं होऊन वर उडी मारतं. म्हणजे मी मेसेज लिहीत नाही, दवंडी पिटतोय. संकल्प: कीपॅड कमीत कमी करणे. उडी मारणारी अक्षरं बंद. टकटक आवाज बंद.

६ जून.
शब्द सुचवणारी पट्टी काढली. मी ‘कामचुकार’ लिहिलं की ती लगेच ‘भिंगोबा’ सुचवायची. सुचवायची बरोबर, पण तिला सांगितलं कोणी? आकड्यांची ओळही उडवली.

९ जून, रविवार. घरी.
कीपॅडची उंची सगळ्यात कमी केली. बटणं तिळाएवढी. अक्षरं जरा पुसट दिसतात. ॲपवाल्यांनी स्वस्तातला रंग वापरलाय. फोन हात लांब करून धरला की ठीक दिसतं. तशी ती माझी रुबाबदार पद्धतच आहे. ही म्हणाली, हात अजून ताणलात तर बाही उसवेल, चष्म्याच्या दुकानात काम करता, एक चष्मा लावा की. मी म्हणालो, चष्मे विकणाऱ्याला चष्मा लागत नसतो. हिलाही भिंगोबाने फितवलंय का, ते बघायला हवं.

११ जून.
घात झाला. एक आजोबा नवा चष्मा लावून आरशात बघत होते. मी भिंगोबाकडे पाठ करून मालकांना लिहीत होतो. आजोबांनी एकदम मोठ्याने वाचलं, भिंगोबा मशीनवर डुलक्या काढतो. आणि म्हणाले, वा, लांबचं अगदी स्वच्छ दिसतंय! भिंगोबा त्यांच्या शेजारीच उभा. आजोबांच्या चष्म्याची दांडी सरळ करत राहिला.

काउंटरवरच्या बाई मला म्हणाल्या, आपल्याकडे समोरासमोर आरसे आहेत, एकात उलटं दिसलं तरी दुसऱ्यात सुलटं दिसतं. आणि कीपॅड लपवून काय होणार, मजकूर तर वर दिसतोच.

बाईंचा आरशांचा एवढा अभ्यास कशासाठी? नोंद घेतली. बाकी निष्कर्ष एकच: कीपॅड अजून कमी करायला हवा.

१३ जून.
बटणांवरची अक्षरं काढली. कोरी बटणं. अंगठ्याला सगळं पाठ आहे.

१४ जून.
कीपॅड पूर्ण अदृश्य! शेवटी सेटिंगचं बटणसुद्धा काढून टाकलं, नाहीतर मी जरा बाजूला गेलो की कोणीतरी सगळं पूर्ववत करून ठेवायचा. भिंगोबाने डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. जिंकलो.

१७ जून.
हिला मेसेज केला, उशीर होईल. तिचा ताबडतोब फोन. हे काय भलतंसलतं लिहिलंय, जीभ जड झालीय का, दोन्ही हात वर होतात का बघा, मी डॉक्टरांना घेऊन निघते. साधा मेसेज वाचता येत नाही लोकांना.

१९ जून.
मालकांचा फोन. म्हणाले, तुमच्या मेसेजमधलं एक अक्षर कळत नाहीये, तब्येत बरी आहे ना? त्यांच्याजवळ कोणीतरी बसलेलं असणार, म्हणून असं आडून बोलले. मी हळूच म्हणालो, समजलं. ते म्हणाले, काय समजलं? मालकांचा अभिनय उत्तम.

२४ जून.
हद्द झाली. मी टाइप करत असताना भिंगोबा मोजपट्टी घेऊन आला आणि माझ्या नाकापासून फोनपर्यंतचं अंतर मोजू लागला! वर म्हणतो, हलू नका. मालकांना आजवरचा सगळ्यात सविस्तर अहवाल पाठवला. आता याचं काही खरं नाही.

३० जून, रविवार.
काल मालक आले होते. नवं दुकान भिंगोबाला.

मी विचारलं, आणि माझे अहवाल? मालक म्हणाले, गेल्या पंधरवड्यात काय पाठवलंत ते देवालाच ठाऊक. पण पहिल्या मेसेजचं उत्तर मी त्याच दिवशी दिलं होतं, वाचलं होतं ना? मी म्हणालो, म्हणजे काय, वाचलं. ते म्हणाले, मग चष्मा का नाही करून घेतलात? मी थांबलो होतो तुमच्यासाठी.

ते गेल्यावर भिंगोबाने ड्रॉवरमधून एक चष्मा काढून माझ्या नाकावर ठेवला. बरोबर बसला. फोन जवळ घेऊन मालकांचं ३ जूनचं उत्तर वाचलं.

‘त्याला मीच बघायला सांगितलंय. नवं दुकान तुम्हालाच द्या म्हणून तो माझ्या मागे लागलाय. पण तुम्हाला जवळचं दिसत नाही आणि तुम्ही डोळे तपासू देत नाही. म्हणून तो लांबूनच तुमच्या नंबरचा अंदाज घेतोय. त्याच्याकडून चष्मा करून घ्या आणि निमूट लावा, दुकान तुमचं.’

पुन्हा वाचलं. तेच लिहिलं होतं. फार लाज वाटली.

भिंगोबा मशीनपाशी त्याची हत्यारं डब्यात भरत होता. त्याला मेसेज करावा म्हटलं, तोंडाने बोलणं जमेना. पण कीपॅड दिसेना आणि सेटिंगचं बटण मीच काढलेलं. शेवटी फोन त्याच्याच हातात दिला. त्याने कुठून तरी शोधून कीपॅड परत आणला. अर्ध्या स्क्रीनचा, टपोरा, पट्टी आणि आवाजासकट.

मी टकटक करत टाइप केलं, ‘माफ करा.’ एकेक अक्षर उडी मारत होतं. भिंगोबा खांद्यामागे उभा राहून वाचत होता. पाठवायची गरज पडली नाही.