धरायचा राहिलेला महिना

परभणी
कार्तिक वद्य द्वितीया, शके १८६४

प्रिय बसम्मा,

आश्रुबा शाळेच्या कामानं सेलूला निघालाय, म्हणून घाईनं लिहिते आहे. तसा तो शिपाई भरवशाचा आहे, पुढे तुमच्या गावी येऊन पत्र तुझ्याच हातात देईन म्हणालाय. तुझं परवाचं पत्र मिळालं. जोडवी रुतायला लागलीत आणि संध्याकाळी डोकं ठणकतं, हे तू अगदी शेवटी, कडेला बारीक अक्षरात लिहिलंस. मी मात्र तेवढंच चार वेळा वाचलं. तुझे अप्पा म्हणाले, पहिलटकरणीला असं व्हायचंच. त्यांना हो म्हटलं आणि उठून दाराशी गेले. परत आले, पुन्हा वाचलं.

दिवाळीला तुला माहेरी न्यायला आले होते तो दिवस मनातून जात नाही. पाडव्याला तुमच्या पडवीत तू भिंतीला टेकून बसली होतीस, दगडाबाई सुईण तुझ्या पोटावर तेलाचा हात फिरवत होती. विहीणबाईंनी विचारलं, कितवा? मी पिशवीतून डायरी काढली आणि आठवा लागलाय म्हणून सांगितलं. दगडाबाईचा हात थांबला. म्हणाली, “न्हाई बाई. आठवा सरला. लेकरू भरलंय, नववा लागलाय.” मी हसले. म्हटलं, दगडाबाई, तुमच्या हाताला चूक होईल, लिहिलेल्याला होत नाही. त्यावर ती म्हणाली, “वही कुठं पोटाला हात लावती, माय?” सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. पण विहीणबाई हसल्या नाहीत. आठवा म्हटल्याबरोबर त्यांनी ठरवूनच टाकलं, “आठव्यात पोरीला येस वलांडू देणार न्हाई मी. कापसाची येचणी उरकू द्या, मार्गशीर्ष सरताना आमीच गाडी जुंपू.” आठव्या महिन्यात प्रवास नको, ही जुनी समजूत. तिच्यावर वाद घालत संध्याकाळ घालवली आणि रिकाम्या हातानं परत आले. तो आठवा मीच त्यांच्या हातात दिला होता, हे तेव्हा कळलं नाही.

महिने मोजायची रीत तुला सांगितली होती, पुन्हा लिहिते. इथल्या डॉक्टरीणबाई शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, दिवस राहिल्याचा अंदाज बांधत बसत नाहीत. त्या दिवसापासून दोनशे ऐंशी दिवस, म्हणजे चाळीस आठवडे. त्यात दोन आठवडे इकडेतिकडे व्हायचेच. आपल्या लिंगायतांत पाळीत दूर बसायची चाल नाही, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात तारीख राहत नाही. तुला मात्र नेमकं आठवत होतं. गुढीपाडव्याच्या सकाळी कडुनिंब वाटत होतीस तेव्हाच पाळी आली. आषाढ लागताना तू मला हे सांगितलंस आणि मी तिथल्या तिथे बोटांवर मोजलं. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. डायरीत लिहून ठेवलं, पौष पौर्णिमा. कॉलेजात शिकलेल्या बाईनं मोजलेलं, म्हणून पुन्हा कुणी मोजलं नाही.

बसम्मा, यंदा ज्येष्ठ दोन होते. धोंड्याचा महिना आला होता गं. त्याच महिन्यात जावई म्हणून रामलिंगांना जेवायला बोलावलं, तेहतीस अनारसे मी स्वतः तळले, आणि बोटांवर मोजताना तोच महिना गाळला. त्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. ज्या महिन्यात काही धरत नाहीत तो माझ्या मनानंही धरला नसावा. पोटातल्या बाळाला मात्र तोही महिना होताच. शाळेच्या अहवालासाठी उन्हाळी सुट्टीच्या नोंदी बघत होते. पानावर वर सरकारी फसली सनाची तारीख, खाली तिथी, अशी माझी सवय. तिथं माझ्याच अक्षरात दिसलं, अधिक ज्येष्ठ. मग दिवस एकेक करून मोजले. एकदा नव्हे, तीनदा. तुझे दिवस पौष पौर्णिमेला नाही, मार्गशीर्ष पौर्णिमेला भरतात. आजपासून चार आठवडे. तुझी गाडी निघेल तोवर बाळ होऊन गेलेलं असेल.

आणखी एक बोचतं. पुढे आषाढातच तू म्हणाली होतीस, पोटात मासोळी वळल्यासारखं होतंय. मी म्हटलं, छे, इतक्यात कुठलं, वात असेल. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्याच्या सुमारास जाणवतं, म्हणजे तुझं बरोबर होतं. त्या दिवशी तुझा चेहरा पडला होता. मला तो दिसला होता.

डॉक्टरीणबाईंना जोडव्यांचं सांगितलं. त्यांचं हसू गेलं. म्हणाल्या, नुसते पाय सुजले तर एक वेळ ठीक, पण हात-तोंड सुजलं आणि डोकं दुखलं तर थांबायचं नाही. त्या दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब बघतात, लघवी काचेच्या नळीत तापवतात, ती दह्यासारखी फुटली तर काळजीचं. पोटाची उंची मोजतात, लाकडी नळकांडं लावून बाळाचे ठोके ऐकतात, पापणी ओढून अंगात रक्त किती ते पाहतात. यातलं काहीच दुखत नाही, भिऊ नकोस. हे सगळ्याच गरोदर बायकांचं दर महिन्याला व्हायला हवं. तुझं एकदाही झालं नाही, कारण मी म्हणत होते, अवकाश आहे. डोळ्यांपुढे काजवे चमकले, अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं किंवा बाळ हलायचं मंदावलं, तर मी गुरुवारी यायचीही वाट पाहू नकोस. रामलिंगांना गाडी जुंपायला सांग आणि सेलूची रेल्वे गाठ.

गुरुवारी मी स्वतः येते आहे. आता जे लिहायला बसले ते लिहिते. हे मला शुक्रवारीच कळलं होतं, आज मंगळवार आहे. शनिवारी एक पत्र लिहिलं होतं. त्यात म्हटलं होतं की तुझीच आठवण चुकली असावी, पाडवा नसेल, महिनाभर आधीचं असेल. म्हणजे विहीणबाईंपुढे आणि दगडाबाईपुढे माझा शब्द खाली पडला नसता. फार व्यवस्थित पत्र होतं. दोन दिवस पाकिटात ठेवलं, मग तुझं पत्र आलं आणि ते चुलीत घातलं. चार दिवस मी तुझे घेतले, माझ्या नाकासाठी. म्हणून हे पत्र एकटीनं वाचू नकोस. रामलिंगांना पडवीत बसून मोठ्यानं वाचायला सांग, दगडाबाईलाही बोलावून घे. विहीणबाई, मी चुकले. पोरगी आठव्यात नाही, नववा भरत आलाय. तुमची रीत मोडायला सांगत नाही, ती आता आडवी येत नाही. गुरुवारी दगडाबाईंना गाडीत आमच्याबरोबर बसू द्या, आणि माझ्या लेकीला पाठवा.

तुझीच,
आई