सातव्या अध्यायातल्या सहा ओव्या

३ फेब्रु.
खामगावहून छापखान्याचा फोन. मी संपादलेल्या मठाच्या पोथीची पुस्तकं संपली, दुसरी आवृत्ती काढतोय, दुरुस्त्या असतील तर ११ तारखेपर्यंत कळवा. "काही नाही," म्हणालो. म्हणालो खरा. हस्तलिखितात सातव्या अध्यायाचं एक पान कसरीनं खाल्लेलं. सहा ओव्या नव्हत्याच. मी रचून घातल्या, टीप दिली नाही. जन्मभर मराठी शिकवलं, हात शिवशिवत होता, दुसरं काय.

५ फेब्रु.
डोणगावची बस धरून मठात. तुळशीरामबुवा इतकी वर्षं हस्तलिखित वाचायचे, आता छापील पुस्तक वाचतात. अक्षर मोठं ना. माझ्या ओव्या आल्या तशा समोरच्या बायांनी हात जोडले. मीही जोडले. भयंकर लाज वाटली.
नंतर हस्तलिखित मागितलं. बुवांनी रुमाल सोडला. खाल्लेल्या जागी वहीचा कागद चिकटवलेला, त्यावर बुवांच्या अक्षरात माझ्याच सहा ओव्या!
"छापेलावरून उतरून घेतल्या गुरुजी. पोथी अधुरी बरी दिसत नोती."

७ फेब्रु.
पुन्हा गेलो. विचारलं, पुस्तक यायच्या आधी या खाल्लेल्या जागी काय वाचत होता?
"वाचतो कुठचं? तोंडपाठ म्हनत होतो. माह्या बापानं शिकोल्या होत्या."
म्हणजे मूळ ओव्या गेल्याच नव्हत्या. पोथी महिनाभर माझ्या टेबलावर होती आणि बुवांना एका शब्दानं विचारलं नाही. चौथी शिकलेल्या माणसाला काय विचारायचं, असं वाटलं असेल. असेल काय, वाटलंच होतं.
"मग त्याच म्हणा ना."
"काऊन? पुस्तकात येगळ्या हायेत. माह्याच चुकीच्या असतीन. मुद्दाम इसरलो मी त्या."

८ फेब्रु.
सांगून टाकलं सगळं. बुवा पोथीचा रुमाल बांधत राहिले. गाठ दोनदा सुटली.
"मंग मले इसरू काऊन देल्लं?"
पाणीही न पिता निघालो.

९ फेब्रु.
छापखान्याला कळवलं, सातवा अध्याय थांबवा. "गुरुजी, कोरी जागा छापू काय?" परवापर्यंत सांगतो म्हणालो.

१० फेब्रु.
सकाळीच बुवांचा फोन. आवाजात नुसता आनंद. "गुरुजी, एक आठोली! बाप म्हने तशीच. लिहून घ्या."
म्हणून दाखवली. माझी होती. सहातली तिसरी.
"हो बुवा, घेतो," म्हणालो. लिहूनही घेतली. उद्या अकरा तारीख.