पाळण्यातला वरवंटा

अहो,

रात्रपाळीहून याल तेव्हा मी घरी नसेन. आजपासून कालिंदी मॅडमच्या घरी त्यांचं बाळ सांभाळायला चाललेय. पाण्याचा टँकर मिळेना म्हणून आपलं पाळणाघर बंद केलं, हे आईंच्या ध्यानातच राहत नाही. दुपारी अंगाई म्हणत रिकामाच पाळणा हलवत बसतात. अपशकुन म्हणून त्यांच्यावर ओरडू नका. बारशाला ठेवतात तसा वरवंटा दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवलाय. ठेच्यासाठी तो काढाल तर याद राखा. ठेचा करून ठेवलाय. "लेकरं निजली का?" असं आईंनी विचारलं, तर व्हय म्हणा.

दुपारी मला फोन करू नका. तिथं बाळाला निजवताना मी आईंचीच अंगाई म्हणणार. फोनमधून त्यांचा आवाज आला, तर मला पुढं म्हणता यायचं नाही.