चटई बसने येणार नाही

दक्षिण किनारा, उपोलू बेट
शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४

प्रिय लाफाएले यास ताईचे आशीर्वाद.

देवाच्या कृपेने आम्ही घरची सगळी खुशाल आहोत. तू पाठवलेलं सामान कालच्या बसने पोचलं. पांढऱ्या रंगाचे दोन डबे, झेंड्यांची माळ, खारवलेल्या गोमांसाचे तीन डबे आणि तुझं पत्र. ड्रायव्हरने ओझ्याचे म्हणून सहा ताला घेतले. एका डब्यातला रंग बसच्या पायरीवर सांडला होता, तो पुसायला फडकंही माझ्याकडूनच घेतलं. वर म्हणतो, "मावशी, राष्ट्रकुलाचा रंग आहे, बस पवित्र झाली!"

राष्ट्रकुलाच्या परिषदेसाठी गावागावाला एकेक देश दत्तक दिला, त्यात आपल्याला लेसोथो मिळाला, हे तुला ठाऊकच असेल. स्वागताच्या कचेरीत तूच बसतोस. महिला समितीच्या सेलेपाने कॅनडाची आशा धरली होती, ती अजून फुगून बसली आहे. पाळकांनी नकाशा उघडून दाखवला. डोंगर, बर्फ, राजा, आणि समुद्र नाहीच. तुलिया मावशी म्हणाली, "अगं बाई, मग बिचारे मासे कुठून आणतात?" मुलांनी शाळेच्या भिंतीवर त्यांचा घोडा काढला आहे. डुकरासारखा दिसतो. पोरांनी आयुष्यभर डुकरंच पाहिली, त्यांचा काय दोष!

पाळक म्हणाले, हे छप्पन्न देशांचं कुटुंब आहे, एका छत्राखाली राहिलेलं. त्यावर मावशी, "एका मालकाचा मार खाल्ला म्हणून भाऊ झालो होय? आणि आपल्याला तर आधी जर्मनांनी बडवलं, मग न्यूझीलंडवाल्यांनी. हे लंडनचे नातेवाईक कुठून निघाले?" सगळ्या हसल्या. पाळकांनी घाईने प्रार्थना सुरू केली.

मी हसले नाही. त्या राष्ट्रकुलाच्या शिष्यवृत्तीवर तू शिकलास, हे मी विसरलेली नाही. मोठ्यांना लहानांच्या शेजारी बसवून ऐकायला लावतात, असं तू म्हणतोस, तेही खरं असेल. समुद्र दरवर्षी आपल्या नारळीच्या मुळांशी येतो आहे, कोणीतरी ऐकायलाच हवं. पण ऐकून पुढे करतात काय, ते तुझ्या पत्रांत कधी नसतं. जेवणात काय होतं ते असतं.

आता तुझ्या मागणीबद्दल. "आईची चटई शुक्रवारच्या बसने पाठव, राष्ट्रकुलाच्या एका मोठ्या पाहुण्यांना द्यायची आहे." कोणाला? नाव का लिहिलं नाहीस? लेसोथोच्या पाहुण्यांना म्हणावं, तर गावाला आलेल्या सूचनेत स्पष्ट आहे, कोणी भेटवस्तू देऊ नये, रस्त्याकडेला उभं राहून हात हलवावा. सेलेपा म्हणते, राष्ट्रकुलाच्या लंडनच्या कचेरीत एक जागा रिकामी होते आहे. "भावासाठी थंडीचा कोट शिवायला टाक गं." मी म्हटलं, "माझ्या भावाच्या कोटाची काळजी तू करू नकोस." पण तेव्हापासून घास गोड लागत नाही.

आपल्या गावची लेउता तिकडे राजधानीत, आपियात, हॉटेलच्या खोल्या झाडते. ती सांगत होती, मागे कुठल्याशा परिषदेचे पाहुणे गेले, तर कपाटांत शंखांच्या माळा न् कोरीव वाडगे तसेच पडलेले. बॅगेत जागा नव्हती म्हणे. आईची चटईही कपाटात राहायची का?

ती पणजीने विणायला घेतली होती. १९१८ साली जहाजातून ताप आला, बंदरात कोणी अडवला नाही, आणि पणजी अर्धी ओळ सोडून गेली. पुढची आजीने विणली. कडेची लाल पिसं आईने लावली, नजर गेल्यावर बोटांनी चाचपून. केवड्याची पात ती, पण हातात घेतली की पाण्यासारखी घसरते. अशी चटई कधी बाहेर काढतात ते तुला ठाऊक आहे. लग्नात, घराण्याच्या प्रमुखाला पदवी देताना, माणूस मातीत ठेवताना. आणि ज्याचं चुकलं तो ती डोक्यावर घेऊन दुसऱ्याच्या दारात माफीसाठी बसतो तेव्हा. मग राष्ट्रकुलात चुकलं कोणाचं? ते मोटारींतून झेंडे लावून येणार आणि चटई आपण द्यायची. मला हे उलटं दिसतं. चुकत असेन तर समजावून सांग.

गेल्या वर्षी सेलेपाच्या पुतण्याच्या गाडीखाली तुलिया मावशीच्या नातवाचा पाय मोडला. पहाटे त्यांचं सगळं घर मावशीच्या अंगणात चटईखाली बसलं. ऊन चढलं तरी मावशी बाहेर येईना. मग आली, चटई उचलली आणि म्हणाली, "उठा रे, कोको निवतोय." आता तोच पुतण्या तिचे नारळ सोलून देतो.

लाफाएले, आई गेली तेव्हा तू किगालीत होतास. राष्ट्रकुलाचीच बैठक. तिकीट बदलून मिळालं नाही, असं तू लिहिलंस. समारोपाच्या जेवणाचा फोटो वर्तमानपत्रात आला, त्यात तू हसत होतास. मी तेव्हा काही विचारलं नाही. आई सारखी विचारायची, "मोटार वाजली का गं?" मी नाही म्हणायची. शेवटच्या वेळी हो म्हटलं. तुझं पुष्पचक्र नंतर आलं, राष्ट्रकुलाच्या रिबिनीचं. पावसाने तिचा रंग उडाला आहे, मी ती काढलेली नाही.

समितीतही चटईची विचारणा झाली, त्यांना मी सांगितलं आहे की चटई झुरळांनी खाल्ली. खोटं बोलले. देवाला त्याचा जाब मी देईन. चटई धड आहे, आईच्या गादीखाली.

ती बसने येणार नाही. येत्या तेरा तारखेला पांढरा रविवार. मुलं देवळात वचनं म्हणतील, घरी आल्यावर त्यांना आधी वाढायचं, मग आपण जेवायचं. सोमवारी तुलाही सुट्टी आहे. सोमवारी पहाटे ये. मोटार फाटकाबाहेर ठेव. अंगणात आईच्या कबरीवर चटईची घडी असेल. ती डोक्यावर घे आणि बस. मी तुलिया मावशीइतका वेळ लावणार नाही.

त्यानंतर चटई तुझी. कोणाला द्यायची ते तू ठरव. मी नाव विचारणार नाही.

फोन करू नकोस, फोनवर तू "बघतो" म्हणतोस. येतोस की नाही, तेवढं परतीच्या बसने लिहून कळव. कोको किती जणांचा ठेवायचा ते मला आधी समजलेलं बरं.

तुझी ताई,
फुआतिनो