फ्यूजच्या जागी तार

४ नोव्हेंबर

मेंढपाळ आबारावनं दिलेल्या फुकटच्या कुत्र्याच्या पिल्लाची खरी किंमत अशी पडली: माझी डाव्या पायाची चप्पल, बायकोच्या, रेणुकाच्या, शालीचा काठ, पाण्याच्या पाइपाची दोन हात लांबी, आणि तिची आठ दिवसांची दुपारची झोप. शेवटची बाब सोडली तर सौदा चांगलाच म्हणायचा.

घर मात्र मनासारखं मिळालं. जाफराबादच्या बाहेर, चहूबाजूंनी कपाशी, मागं माझी पत्र्याची शेड. तीस वर्षं बाजारातल्या एका खोलीत लोकांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून दिल्या, आता इथं निवांत भरतो. रेणुकाच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. सहा आठवडे आधाराशिवाय उठायचं नाही आणि दुपारी झोपायचंच, असं डॉक्टरांनी बजावलंय. ती विचारत होती, मी हाक मारली अन् तुम्ही शेडमध्ये असले तर. मी म्हणालो, हाक कशाला, नुसती कूस बदल, कॉटची करकर मला शेडमध्ये ऐकू येईल. नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखणारे कान आहेत हे. ती म्हणाली, मंग मी बोलते तेवढंच कसं ऐकू येत न्हाई.

पिल्लाचं नाव फ्यूज ठेवलं. किरकोळ कारणावरून उडतो म्हणून.

७ नोव्हेंबर

दुपारचे तीन वाजले की फ्यूज फाटकाकडं तोंड करून भुंकतो. रस्त्यावर माणूस नाही, जनावर नाही. पंधरा मिनिटं भुंकतो, मग शेपूट हलवत पाणी प्यायला जातो. जशी काही ड्युटी संपली. तोवर रेणुकाची झोप गेलेली असते.

आबारावला फोन लावला. त्याच्या मेंढ्या वर्षानुवर्षं याच जागेवर बसायच्या. तो म्हणाला, तिथं आमची समदी कुत्री तिनाला भुंकायची, भुंकू द्या. कशावर भुंकायची, विचारलं. तर म्हणे, आम्ही कधी इचारलं न्हाई, शेठ. कुत्रं भुंकतं, मंग जे काय असंल ते तिथंच थांबतं. बराबर चालून राह्यलंय, तुम्ही कशाला खोलून बघता.

मी हसलो. मोटार वाजते म्हणजे बिघाड, वाजायची थांबली म्हणजे दुरुस्ती. धंद्यानं मला एवढंच शिकवलं.

१० नोव्हेंबर

करंटचा पट्टा आला. कुत्रं भुंकलं की गळ्याला आपोआप झटका. आधी माझ्या मनगटाला बांधून पाहिला. चारशे चाळीस व्होल्टचे झटके खाल्लेला माणूस मी, मला ती मुंगी वाटली. दोन नंबरवर ठेवून फ्यूजला बांधला.

त्याला मुंगी वाटली नाही. तिनाला पहिल्याच भुंकण्याबरोबर तो कोलमडला. मान खाजवत माझ्याकडं बघत राहिला. मग फाटकाकडं बघून परत भुंकला. मी चार नंबर केला.

रेणुका म्हणाली, एवढ्याशा जिवाला कशाला, मला झोप न्हाई आली तर न्हाई आली.

१२ नोव्हेंबर

तीन वाजता बिलकुल शांतता. रेणुका दीड तास झोपली. फ्यूज तोंड मिटून फाटकाकडं बघत बसला होता, थरथरत. चार दिवसांत शिकतो म्हणतात, हा दोनात शिकला.

एक गोष्ट लिहून ठेवतो. फाटकावर चिमण्या भांडत होत्या. चोची उघडत होत्या, पंख झटकत होत्या. आवाज नव्हता.

१४ नोव्हेंबर

आज फ्यूज फाटकाकडं बघत नव्हता. हौदाकडं बघत होता. हौद फाटकापासून वीस पावलं आत आहे.

हौदावरचा नळ धो धो चालू होता आणि मला ऐकू येत नव्हता. दहा पावलं मागं सरलो, ऐकू आला. पुढं गेलो, बंद. पाच वेळा करून पाहिलं. कानात बिघाड असता तर मागं सरून सुधारला नसता.

फ्यूज पाणी प्यायला गेला नाही. ड्युटी संपत नाही आता.

१५ नोव्हेंबर

पायरी. आज पायरीकडं बघतो.

पायरीवर लोखंडी पकड आपटली. हाताला झिणझिण्या आल्या, कानाला काही नाही.

फ्यूजला उचलून शेडमध्ये नेलं, पट्टा काढला. केसांखाली दोन लाल ठिपके. भुंक म्हणालो. भाकरी दाखवली. मीच भुंकून दाखवलं. तो तोंड उघडत नाही. मी हात पुढं केला की मान आत ओढतो.

संध्याकाळी रेणुकाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, गिऱ्हाइकांवर तीस वर्षं ओरडत आले तुम्ही, फ्यूज उडतो म्हणून त्याच्या जागी तार टाकू नका, घर जळंल. अन् आपल्या घरात काय केलं.

१६ नोव्हेंबर, सकाळ

आबाराव अंकुशनगरकडं आहे. मोठं कुत्रं घेऊन उद्या पोचतो म्हणाला. आधी त्यानं विचारलं, गप केलं का तुम्ही त्याला. मी हो म्हणालो.

रेणुकाला इथून आडवं न्यायला गाडी पाहिजे. गाडी उद्या सकाळी येते. म्हणजे मध्ये एकच दुपार.

तिनाला मी तिच्या खोलीच्या दारातच बसणार, तोंड अंगणाकडं. पाठीमागं चार हातांवर तिची कॉट. ती म्हणाली, तुम्ही हाय तर मला भ्याव न्हाई.

तीन वाजून दहा

फ्यूज पायरीकडं बघत नाही. माझ्याकडं — नाही. माझ्या खांद्यावरून. मागं. खोलीत.

घड्याळाचा आवाज —

पावणेचार

वळलो तर रेणुका जमिनीवर. पाय वाकडा. श्वास चालू आहे. डोळे उघडे, कॉटच्या कोपऱ्याकडं. ओठ हलतात. आवाज नाही. फ्यूजही तिकडंच —

फाटकाबाहेर जाऊन फोन केला. गाडी निघाली.

बाहेर उषाबाई. शेजारच्या कपाशीतून पळत आल्या. फाटकाच्या आत येईनात. म्हणाल्या, रामभाऊ, कुठं गेल्ते तुम्ही, वैनीनं दहादा तरी हाका मारल्या, पार आमच्या बांधापर्यंत ऐकू आल्या.

कुठंच गेलो नव्हतो. दारात होतो. चार हातांवर. मला एकही —