सगुणा नावाची मुलगी

९ जानेवारी
"नाव ठेवलं नव्हतं, ते एक बरं झालं."
सासूबाई म्हणाल्या होत्या, दवाखान्याच्या व्हरांड्यात. सतराएक वर्षं झाली. वाईट हेतूनं नाही. नाव नसलं की विसरायला सोपं, असं त्यांना वाटलं असेल. आज ते वाक्य दिवसभर कानात.
सकाळी शशीचा फोन. "अक्का, आत्या झालीस. मुलगी." अनुजा ठीक आहे. बारसं फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, पुण्याहून तिचे आईवडील येणार. पाळण्यात नाव मी सांगायचं. आत्याचाच मान तो. हो म्हटलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताचा गोळा झाला.

१३ जानेवारी
इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी लेख द्यायचाय: आपल्या घरांतली मुलींची जुनी नावं. म्हणून गल्लीतल्या तुळसाकाकूंकडे गेले. त्या ओसरीत अवरेकाईच्या, वालासारख्या शेंगा सोलत होत्या. मलाही सूप दिलं पुढ्यात.
"तुमचं नाव कुणी ठेवलं, काकू?"
"आत्यानं. तिचंच दिलं. आमच्या वेळी नाव आवडायचं नाही ग, असायचं."
काकूंचे पणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात होते. घरात मुलींना कृष्णा, भीमा, गोदावरी. नद्या मागे राहिल्या, पोरींना चिकटून इकडे कन्नड मुलखात आल्या. त्या नद्या घरातल्या कुणी पाहिल्याही नव्हत्या. पाणी कावेरीचं पीत होते, पण कावेरी नाव ठेवायला दोन पिढ्या गेल्या. मग देवी: तुळजा, अंबा, यमाई. मुलींमागून मुली झाल्या की नकोशी. शेजारच्या कन्नड घरात त्याच वेळी साकम्मा, म्हणजे 'साकु', पुरे. "दुःख एकच, भाषा दोन," असं मी लिहिणार होते. काकूंना बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "अय्यो, दुःख कसलं? आमची साकम्मा सगळ्यांना पुरून उरली."
त्यानंतर शोभा, सुनंदा, मंगला. मग आमची पिढी. वर्गात आम्ही तिघी मनीषा.
आताच्या नावांबद्दल विचारलं. "ऐकली की औषधाच्या दुकानात उभी आहे असं वाटतं."
खूप दिवसांनी हसले.

१७ जानेवारी
लेख झाला. जुन्या नावांत सुंदरा, सोयरा, सगुणा असं लिहून गेले. पुढे अर्थही लिहिला: गुण असलेली. जिला रूप आहे ती.
ते नाव मी आजवर कुठेही लिहिलं नव्हतं. खोडावं असं वाटलं. खोडलं नाही. इतक्या नावांत एक, कुणाला काय कळणार. अनुजानं वाचायला मागितला होता, पाठवून दिला.

१८ जानेवारी
कळलं नाही कुणाला, तेच झालं.
अनुजाचा फोन. "ताई, सगुणा! किती गोड आहे हो. आम्ही महिनाभर मोबाइलवर शोधतोय, सगळी तीच तीच. अशी जुनी नावं आता परत येतायत, माहितीये? शशीलाही आवडलं. ठरलं."
मागून शशी, "अक्का, तुझ्या लेखातलं म्हणजे तूच ठेवलंस."
मी "बरं" म्हटलं.

१९ जानेवारी
विनायक कामावरून, मेटगळ्ळीहून आला. जेवताना सांगितलं. त्याचा हात ताटात थांबला.
"ते नाव दिलेलं आहे."
एवढंच. उठला, हात धुतला, अंगणात जाऊन स्कूटर पुसत बसला.
सातव्या महिन्यात आम्ही तलकाडला गेलो होतो. वाळूत पाय रुतायचे, तो माझं कोपर धरून चालत होता. वाळूखालून उकरून काढलेल्या देवळाच्या पायऱ्यांवर बसलो. तो म्हणाला, मुलगी झाली तर सगुणा. त्याच्या आजीच्या ओव्यांत हे नाव यायचं. बारशाआधी कुणाला सांगायचं नसतं, म्हणून सांगितलं नाही.
बारसं झालंच नाही. ती काचेच्या पेटीत, मी काचेबाहेर. हाकसुद्धा मारली नाही. वाटायचं, आत्ता नाव घेतलं तर दृष्ट लागेल. पाळण्यातच पहिल्यांदा सांगू.

२३ जानेवारी
कुवेंपुनगरला जाऊन बाळ पाहिलं. शशीसारखं कपाळ. अनुजा पाळण्यावर वाकून, "सगुणा, ए सगुणा, आत्या आली बघ." बाळानं तोंड वाकडं केलं, जांभई दिली.
मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. उलट, पुन्हा म्हण, असं म्हणावंसं वाटलं. कुणीतरी गल्लीत ओरडेल, सगुणा, दिवे लागले, घरात ये. आणि कुणीतरी येईल.
बसस्टॉपवर आले आणि हे वाटल्याची लाज वाटली. माझ्या लेकीकडे तेवढी एकच वस्तू होती, ते नाव.

२५ जानेवारी
आईला सांगितलं. आजवर तिलाही ठाऊक नव्हतं. पदराचं टोक पिळत बसली.
"अनुजाला बोलू नकोस."
"आणि तिच्या बाळाच्या कानात सांगू? काही न बोलता?"
"मनू, गेलेल्या लेकराचं नाव कोण ठेवतं? अनुजाची आई पुण्याहून येतेय. कळलं तर नाव जाईल आणि तुलाही पाळण्याजवळ उभं करणार नाहीत. मग तुझ्या हाती काय राहील?"
आई चुकीचं बोलत नाही. गप्प राहिले तर नाव राहतं, मान राहतो. फक्त त्या मुलीला कधी कळणार नाही की ती कुणाचं नाव घेऊन फिरतेय. आणि विनायक तिला हाक मारणार नाही. कधीच.

२८ जानेवारी
पत्रिका उद्या छापायला जाणार. अनुजानं नमुना पाठवला. गुलाबी अक्षरांत सगुणा. खाली 'आत्या' म्हणून माझं नाव.
विनायकला दाखवला. चष्मा लावून वाचला. परत वाचला.
"सांगणार आहेस तिला?"
"सांगितलं तर ते नाव काढतील."
"काढू देत." चष्मा काढून ठेवत, "सांगायचं तर सगळं सांग. पेटीचं, तलकाडचं. अर्धं नको."
बारशाला येशील का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

२९ जानेवारी
झोप नाही. सकाळी दूध तापवता तापवता ठरलं. फोनवर बोलताना रडू येईल, म्हणून लिहून पाठवणार. पाच वेळा खोडलं. शेवटी हे राहिलं:

'अनुजा, पत्रिका छापण्याआधी वाच. सगुणा हे आमच्या मुलीसाठी ठरलेलं नाव. ती बारशाआधीच गेली, त्यामुळे तिला या नावानं कुणी बोलावलं नाही. मी हे तुला अठरा तारखेलाच सांगायला हवं होतं. तुझी आई नको म्हणेल. शशीही घाबरेल. तुलाही भीती वाटेल, मला वाटली असती. तरी विचारते. हे सगळं माहीत असूनही, तिला हेच नाव ठेवशील का? आणि ते तिच्या कानात मला सांगू देशील?'