दुसऱ्या चरणातला श्वास

गुरुजी, काल मी माझ्या पठणाच्या वर्गात शिकवताना खोकले. अध्यायाच्या मध्यात, तोंडावर रुमाल धरून, अगदी पोटातून. आणि पुन्हा पहिल्या श्लोकाकडे गेले नाही. थांबले होते तिथूनच पुढे निघाले. सक्करदऱ्याच्या तुमच्या पुढच्या खोलीत हा अपराध घडला असता, तर तुम्ही नुसती भुवई उचलली असती आणि आम्ही सातही जण मुकाट्याने पहिल्यापासून सुरू झालो असतो. खोकला गिळायला आम्ही संधी-समासांच्या आधी शिकलो.

महिन्यापूर्वी मला न्यूमोनिया झाला. डॉक्टरीण माझ्या निम्म्या वयाची. "किती दिवसांपासून खोकून राहिल्या, मॅडम?" "खोकत नाही, दाबते आहे," मी म्हणाले. ती हसली नाही. एक्स-रे उजेडासमोर धरून तिने समजावलं: संसर्ग आधी श्वासनलिका धरतो, त्यांच्या बारीक फांद्यांत उतरतो, मग टोकाच्या हवेच्या पिशव्या कफाने भरायला लागतात. सगळं फुप्फुस एकदम नाही. इथे एक डाग, तिथे एक. "आता सांगा, हा कफ बाहेर काढायचा का आत सांभाळून ठेवायचा?" इतका सोपा प्रश्न तुम्ही परीक्षेत कधी घातला नाही.

ते डाग बघताना तुमचा शेवटचा हिवाळा समोर आला. सात दिवसांचं पारायण. तुमचा आवाज घोगरा, अंगात ताप, काकू दारात उभ्या. "काहून जिवावर उठले हो? डॉक्टरले दाखवा नं एकदा!" तुम्ही पोथीवरून नजर न काढता हातानेच त्यांना गप्प करता. काल मी घेतला त्याच अध्यायात, अकराव्या श्लोकाच्या दुसऱ्या चरणात तुमचा श्वास मध्येच तुटतो. आणि आम्ही, गुरुमुखातून येईल ते प्रमाण मानणारे सात हुशार विद्यार्थी, तिथेच थांबतो, तिथेच श्वास घेतो. आम्हाला वाटलं, ही पठणाची काही वेगळी पद्धत असेल. एकीने तर वहीत खूण केली. तुम्हाला धाप लागली होती, गुरुजी, आणि आम्ही ती पाठ केली.

पारायण संपलं, चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. लोक अजून म्हणतात, केवढं भाग्य, शेवटपर्यंत जिभेवर श्लोक. परवा तुमच्या पुण्यतिथीला मीही तेच बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. मी म्हणाले, गुरुजी न्यूमोनियाने गेले. काकूंचं ऐकलं असतं तर कदाचित वाचले असते. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, आज नको." मग कधी? पुढच्या न्यूमोनियाला? माझ्या वर्गाचा नियम आता उलटा आहे: खोकला आला की खोका, ताप आला की दवाखान्यात जा, श्लोक कुठे पळून जात नाहीत. भुवई उचलायची तर खुशाल उचला.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, म्हणून पोथीतच ठेवते आहे. एक मात्र राहिलं. वहीत खूण करणारी ती मीच. काल खोकून झाल्यावर पुढे निघाले आणि अकराव्या श्लोकात, दुसऱ्या चरणाच्या मध्येच थांबले. धाप नव्हती, तरी. वर्गातल्या मुलींनीही तिथेच श्वास घेतला. मी त्यांना सुधारलं नाही.